आजी सोर्स होत नाही का? आमच्या तालुक्यातल्या विज्ञान प्रदर्शनाच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय आयोजक, परीक्षक आणि शिक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मला असं सगळ्यांसमोर लिहायचं नव्हतं. दोनदा शाळेत येऊन भेटलो, एकदा फोन केला, तिन्ही वेळा "पुढच्या वर्षी बघू" एवढंच ऐकायला मिळालं. पुढच्या वर्षी आमची भाची दहावीला जाणार, तेव्हा प्रदर्शन कसलं आणि काय, म्हणून आता लिहितोय. शाळेचं, समितीतल्या कुणाचं, पाहुण्यांचं नाव मुद्दाम घेत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझी वर्षानुवर्षांची ओळख आहे आणि ती मला तशीच ठेवायची आहे. पण भाचीचा प्रोजेक्ट प्रदर्शनातून उतरवला गेला ते चुकीचं झालं, आणि ते गप्प बसून गिळणं मला जमत नाही.

मी बाजारात झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवतो, 19 वर्षं झाली. प्रदर्शनाचा सीझन आला की मुलं आणि पालक रात्री आठ वाजेपर्यंत दुकानात असतात. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन, रेन वॉटर हार्वेस्टिंग, सेन्सरवाला कचऱ्याचा डबा. इंटरनेटवरून उतरवलेली तीच फाईल येते, वरचं नाव बदलायचं आणि प्रिंट मारायची. मी प्रिंट मारून देतो, माझा धंदाच तो आहे, मुलांना मी दोष देत नाही, त्यांना माहीत आहे मार्क कशाला मिळतात. पण 19 वर्षांत हाताने लिहिलेला, स्वतः विचार करून केलेला प्रोजेक्ट माझ्या काउंटरवर मोजून चार-पाच वेळा आला असेल. त्यातला एक ह्या वर्षी माझ्या भाचीचा होता, माणूस पाण्यामुळे उभा राहिला का ह्यावरचा, आणि तोच तुम्ही दुपारी दोन वाजता भिंतीवरून उतरवायला लावलात.

प्रोजेक्ट सुरू कुठून झाला ते आधी सांगतो, कारण तुम्ही कुणी ते विचारलंच नाही.

आमचं घर गोव्यात शापोरा नदीच्या काठाला. माझी आई, म्हणजे तिची आजी, आता 74 वर्षांची आहे, अजून ओहोटी बघून खुबे (नदीच्या चिखलातले शिंपले) काढायला उतरते. कंबरेपर्यंत पाण्यात उभी राहते, साडीचा काष्टा मारलेला, पायाच्या बोटांनी चिखल चाचपते, खुबा लागला की खाली वाकून हाताने उचलते आणि पाण्यावर तरंगणाऱ्या टोपात टाकते, टोप दोरीने कंबरेला बांधलेला. दोन-अडीच तास. (खुबे पूर्वीसारखे मिळत नाहीत, त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) भाची तिच्याबरोबर जायला लागली आणि एक दिवस तिने विचारलं, आजी तुझी बोटं अशी का झाली? तर आई म्हणाली, "लावणीक बोटांक सुरकुत्यो बेगीन येतत गो, न्हंयत उशीर लागता." म्हणजे भाताच्या शेतात, पावसाच्या गोड्या पाण्यात, बोटं लवकर सुरकुततात आणि इथे नदीच्या खाऱ्या पाण्यात उशिरा. आयुष्यभर दोन्ही पाण्यात उभी राहिलेली बाई हे सांगते आहे. मी त्याच घरात वाढलो आणि हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

पोरीने दोन बालद्या घेतल्या. एकात नळाचं पाणी, एकात मिठाचं. घरातले, शेजारचे, माझ्या दुकानातला मुलगा धरून बारा जण बसवले, डावा हात एकात, उजवा दुसऱ्यात, घड्याळ लावून. मिठाच्या पाण्यातल्या बोटांना उशीर लागला, आजी बोलली तसंच. मग तिने शोधलं तर कळलं की हे शास्त्रज्ञांनीही नोंदवलेलं आहे. पाणी मुरून कातडी फुगते असं आपण शाळेत ऐकत आलो ते पुरेसं नाही. बोटाची नस तुटली असेल तर त्या बोटाला सुरकुत्या पडतच नाहीत, हे 1930 च्या दशकातच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, म्हणजे शरीर ते स्वतःहून करतं. कशाला करतं? 2013 मध्ये इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला, पाण्यातल्या गोट्या उचलून दुसरीकडे टाकायच्या, सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलल्या जातात असं दिसलं, टायरला नक्षी असते तसं काहीतरी. आणि 2014 मध्ये दुसऱ्या गटाने तसाच प्रयोग केला तर त्यांना काही फरक सापडला नाही. तिने दोन्ही लिहिलं. दोन्ही! तुमच्यापैकी कुणी ती ओळ वाचली का?

हे शोधता शोधता ती त्या थिअरीपर्यंत पोचली जिच्यामुळे एवढं सगळं झालं. थोडक्यात सांगतो, कारण हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांना ती माहीत नसेल. सर अॅलिस्टर हार्डी नावाचे ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ, समुद्रातल्या जीवांचे मोठे अभ्यासक, अंटार्क्टिकच्या मोहिमेवर जाऊन आलेले. त्यांच्या लक्षात आलं की माणसाच्या कातडीखाली चरबीचा थर असतो तसा देवमाशाला असतो, इतर माकडांना तसा नसतो. त्यावरून त्यांना वाटलं की आपले पूर्वज झाडावरून उतरल्यावर बराच काळ समुद्राच्या उथळ पाण्यात वावरले असतील, शिंपले-कालवं काढून खात असतील, पाण्यात उभं राहून दोन पायांवर चालायला शिकले असतील, तिथेच अंगावरचे केस गेले असतील. हा विचार त्यांनी जवळजवळ 30 वर्षं मनात ठेवला, करिअरची भीती होती म्हणून, आणि 5 मार्च 1960 ला ब्रायटनमध्ये पाणबुड्यांच्या क्लबच्या कार्यक्रमात बोलून टाकला. पेपरवाल्यांनी उचलला, दोन आठवड्यांत त्यांना स्वतः लेख लिहून मांडावा लागला. नंतर वेल्सच्या एलेन मॉर्गन, टीव्हीसाठी लिहिणाऱ्या, शास्त्रज्ञ नव्हेत, त्यांनी 1972 पासून पुस्तकांवर पुस्तकं लिहून ही थिअरी जगभर नेली. त्यांचा राग ह्या गोष्टीवर होता की माणसाच्या उत्क्रांतीची सगळी कहाणी शिकार करणाऱ्या पुरुषाची सांगितली जाते, बायका-मुलं त्यात कुठेच नाहीत. माझ्या भाचीला हे वाचून तिची खुबे काढणारी आजी आठवली. मला ह्यात काही गैर वाटत नाही. प्रश्न असेच सुचतात.

आता महत्त्वाचं. बहुतेक शास्त्रज्ञ ही थिअरी मानत नाहीत. आणि माझ्या भाचीच्या चार्टवर हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. तिच्या प्रोजेक्टचं नाव होतं "माणूस पाण्यामुळे उभा राहिला का? एका वादग्रस्त थिअरीची तपासणी". वादग्रस्त हा शब्द तिनेच लिहिला होता, तुम्ही तो वाचून तिलाच आरोपासारखा परत दिलात.

तिने तपासणी कशी केली ते बघा. जाळ्याची नायलॉनची दोरी घेतली, 45 हात. एक हात म्हणजे एक लाख वर्षं, दर हाताला एक गाठ. दोरीचं एक टोक म्हणजे आज. तिथून मागे जायचं. आपल्या रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर बैल, हरणं आणि ते गोल गोल चक्र कोरलेलं आहे, ते काही हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे दोरीवर पहिल्या चार बोटांत मावलं. मग दक्षिण आफ्रिकेत समुद्राकाठच्या पिनॅकल पॉइंटच्या गुहेत माणसांनी शिंपले खाल्ल्याच्या खुणा सापडल्यात, 1,64,000 वर्षांपूर्वीच्या, म्हणजे दीड हाताच्या थोडं पुढे. ती गाठ तिने लाल केली होती आणि शिंपला बांधला होता, आजीने काढलेला. पुढे 20 हातांच्या जरा अलीकडे दुसरा शिंपला, केनियात तुर्काना तलावाजवळ साडेएकोणीस लाख वर्षांपूर्वी कुणीतरी कासवं, मगरी, मासे कापून खाल्लेत, दगडाच्या हत्याराच्या खुणा हाडांवर आहेत. आणि मग दोरी जात राहते, जात राहते, रिकामी, आणि 36 व्या हाताच्या पुढे टांझानियात लेटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं, दोन पायांवर सरळ चालत गेलेल्यांची. आणि 44 हातांवर इथिओपियातला आर्डिपिथेकस (माणसाच्या कुळातला जुना जीव), तोही दोन पायांवर चालू शकायचा असं म्हणतात आणि राहायचा रानात, झाडीत.

तिचं म्हणणं एवढंच होतं की शिंपल्याची गाठ आणि पावलांची गाठ ह्यांच्यात किती दोरी आहे बघा. माणसं पाण्याकाठी राहिली, मासे-शिंपले खाल्ले, हे खरं आहे, पुरावा आहे. पण ती उभी राहून चालायला लागली त्याला तोपर्यंत लाखो वर्षं होऊन गेली होती. "पाण्याकाठी राहणं वेगळं आणि पाण्याने घडवणं वेगळं" हे तिचं वाक्य, चार्टवर निळ्या पेनने. नववीतल्या मुलीने दोरीला गाठी मारून हे दाखवलं, मला 47 व्या वर्षी ते त्या दोरीमुळे समजलं.

आणि तिने एकाच बाजूचं लिहिलं असंही नाही. बाजूने काय काय आहे तेही होतं. गोरिला, चिंपांझीच्या जवळचा बोनोबो, बोर्निओतलं लांब नाकाचं माकड, सगळे खोल पाण्यातून जाताना दोन पायांवर उभे राहतात. जन्मलेलं माणसाचं बाळ गुटगुटीत असतं, माकडाचं नसतं. आपण मनाने श्वास रोखून धरू शकतो. जुनी थिअरी, की जंगल संपलं, गवताळ मैदानं आली आणि म्हणून माणूस उभा राहिला, तीही तेवढी पक्की राहिली नाही, दक्षिण आफ्रिकेचे फिलिप टोबायस ह्यांनी 1995 मध्ये लंडनला जाहीर सांगितलं की ती सोडून द्यायला हवी. म्हणजे पाण्याच्या थिअरीवाले जो प्रश्न विचारत होते तो अगदीच फालतू नव्हता. पण उत्तर त्यांचं बरोबर ठरत नाही. केस पाण्यामुळे गेले म्हणता तर चोडणच्या खारफुटीत पाणमांजरं आहेत, त्यांची अख्खी जिंदगी पाण्यात, आणि अंगावर दाट केस. सील, बीव्हर, तेच. उलट हत्ती-गेंडा जमिनीवर आणि उघडे. मग आजीने विचारलं, म्हशीचं काय? म्हैस पाण्यात बसते आणि केस विरळ. भाचीने तेही बाजूच्या रकान्यात लिहिलं, खाली "आजीचा मुद्दा" म्हणून. घामाचं म्हणाल तर माणसाच्या अंगावर 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी, घाम वाळला तरच अंग थंड होतं, पाण्यात बुडून राहणाऱ्या प्राण्याला त्यांचा काय उपयोग? तोंडावर पाणी पडलं की हृदय मंदावतं हे माणसाचंच वैशिष्ट्य म्हणून सांगतात, ते तर सगळ्या सस्तन प्राण्यांत असतं. आणि तिचा स्वतःचा मुद्दा, जो मी अजून कुठे वाचलेला नाही: माणूस समुद्रातला असता तर बोटांच्या सुरकुत्या खाऱ्या पाण्यात आधी यायला हव्या होत्या, त्या गोड्या पाण्यात आधी का येतात? हा पुरावा होत नाही हेही तिनेच लिहिलं होतं. पण प्रश्न चांगला आहे की नाही, तुम्हीच सांगा. तुमच्यात तीन सायन्स टीचर होते.

शेवटी निष्कर्षाच्या चौकटीत तिने लिहिलं: "थिअरी सिद्ध होत नाही. काही प्रश्न अजून शिल्लक आहेत. माझा प्रयोग फक्त 12 जणांवर आहे म्हणून त्यावरून काही ठरवता येणार नाही."

आता त्या दिवशी काय झालं ते.

सकाळी उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आले. मी मागे उभा होतो, बॅनरचे पैसे घ्यायचे होते. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की माणूस लाखो वर्षं समुद्रात राहत होता, म्हणून त्याच्या अंगावर केस नाहीत, आणि मासे खाल्ल्यामुळेच मेंदू मोठा झाला, म्हणून आम्ही गोंयकार जात्याच हुशार. टाळ्या झाल्या. भाचीने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, बरं झालं, दुपारी परीक्षक येतील तेव्हा आपला चार्ट ह्याच विषयावर आहे, दोरी दाखवू.

परीक्षक आले. पहिला प्रश्न, मॉडेल कुठे आहे? फिरतं काय? लाईट लागते? ती म्हणाली दोरी आहे. दोरीमुळे ये-जा करायला अडचण होते, गुंडाळून ठेव, असं सांगितलं. मग निष्कर्ष वाचला. "सिद्ध होत नाही म्हणजे? मग प्रोजेक्ट कशाला केला?" मग संदर्भाची यादी बघितली, त्यात आजी. "आजी हा सोर्स होत नाही बाळा." मग मराठीत का लिहिलंस. (आजीला वाचता यावं म्हणून.) आणि शेवटी, हे वादग्रस्त आहे, सिलॅबसमध्ये नाही, पालकांची तक्रार आली तर कोण बघणार, उतरव. तिने उतरवला. दोरी हातावर गुंडाळत गुंडाळत बाहेर आली, शिंपला जिन्यावर आपटून फुटला. घरी येऊन रडली नाही, मला वाटलं होतं रडेल. तिने एवढंच विचारलं, "मामा, सकाळी ते बोलले ते वादग्रस्त नव्हतं?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, ते तुमच्याकडून हवं आहे. स्टेजवरून तीच थिअरी सिद्ध झाली म्हणून सांगितली तर टाळ्या, आणि एका मुलीने ती तपासून बघितली, सिद्ध होत नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं, तर ती वादग्रस्त. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटातल्या.

माशाचं बोलायचं तर मीही रोज मासे खाणारा, बुधवारी मासा नसला तर जेवण जात नाही. माशात डीएचए नावाचं फॅट असतं, ते मेंदूला लागतं, हे खरं. पण ते प्राण्यांच्या मेंदूत असतं, अंड्यात असतं, थोडं शरीर स्वतः बनवतं, आणि मासे न खाणारी माणसं जगभर हुशार आहेत, तुमच्या स्टाफरूममध्येही असतील. कुठला समाज काय खातो त्यावरून तो जात्याच हुशार असं शाळेच्या स्टेजवरून, सहाशे मुलांसमोर बोललं जातं आणि कुणी काही म्हणत नाही, हे मला फार लागलं. पाहुण्यांचा मान राखायचा हे मला कळतं. तरी दुसऱ्या दिवशी असेंब्लीत एक वाक्य बोलता आलं असतं.

दुसरं, "सिद्ध झालं नाही" ह्याला मार्क नाहीत. तुमचा मार्किंगचा कागद मीच झेरॉक्स केला होता, त्यात मॉडेलला आहेत, सजावटीला आहेत, सादरीकरणाला आहेत. आपलं म्हणणं चुकीचं आहे का हे मुलाने तपासलं का, ह्याला रकानाच नाही. खऱ्या शास्त्रात नेमकं तेच चालतं. ह्याच थिअरीवर 1987 मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅल्केनबर्गला दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसले, वाद घातला, आणि 1991 मध्ये दोन्ही बाजूंचे पेपर एका पुस्तकात छापले. 1997 मध्ये जॉन लँगडन नावाच्या शास्त्रज्ञाने एकेक मुद्दा घेऊन लिहिलं की सगळं एकाच छत्रीखाली आणलं म्हणजे स्पष्टीकरण होत नाही. 2016 मध्ये निसर्गावरच्या फिल्म करणाऱ्या डेव्हिड अॅटनबरोंसारख्या माणसाने बीबीसी रेडिओवर ह्या थिअरीच्या बाजूने कार्यक्रम केला तेव्हा एवढ्या मोठ्या माणसालाही शास्त्रज्ञांनी जाहीर लिहून सांगितलं की हे पटत नाही. भिंतीवरून कुणी काही उतरवलं नाही. उतरवण्याची गरजच नसते, उत्तर देता येत असेल तर.

तिसरं, सिलॅबस. मला माहीत आहे की 2023 ला दहावीच्या एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, "हेरेडिटी अँड इव्होल्यूशन" होतं तिथे नुसतं "हेरेडिटी" राहिलं. ओझं कमी करायचं म्हणून. तेव्हा देशातल्या 1800 च्या वर शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी सही करून विरोध केला होता. आता ते बारावीत, बायोलॉजी घेणाऱ्यालाच. म्हणजे कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणारं मूल, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांतली निम्मी मुलं, शाळेत माणूस कुठून आला हे कधीच शिकणार नाही, ते त्याला स्टेजवरच्या भाषणातून आणि मोबाईलवरच्या फॉरवर्डमधूनच कळणार. पुस्तक बदलणं तुमच्या हातात नाही हे मी मानतो. पण पुस्तकातून एक भाग गेला म्हणजे प्रदर्शनातही तो प्रश्न विचारायला बंदी, असं कुठल्याही सर्क्युलरमध्ये लिहिलेलं असेल तर मला दाखवा. मी त्याची झेरॉक्स काढून दुकानाबाहेर लावतो, पालकांना कळू दे.

आणि आजी. तुमच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट असेल. ज्या माणसाच्या नावाने आमचं सरकार पणजीत व्याख्यानं भरवत आलंय ते दामोदर धर्मानंद कोसंबी, मूळ गोव्याचे, गणिताचे एवढे मोठे विद्वान, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी फिरून जुन्या माणसांची बारीक दगडी हत्यारं वेचत होते, वाटेतल्या खेडुतांशी, धनगरांशी बोलत होते. त्यांना ते लोक सोर्स म्हणून चालत होते. माझ्या आईने एक गोष्ट सांगितली, ती बालदीत तपासता आली, तपासल्यावर खरी निघाली आणि शास्त्रज्ञांच्या नोंदीशी जुळली. इंटरनेटच्या फाईलला तुम्ही कधी विचारता का, बाई तू कोण, कुठल्या पाण्यात उभी राहिलीस? आईला मी हे सगळं सांगितलं नाही. "चार्ट लावला होता, लोकांनी बघितला" एवढंच सांगितलं. तिला खोटं सांगावं लागलं ह्याचा मला त्रास होतो आहे, तो मी इथे लिहितो.

माझ्या मागण्या अशा आहेत. बक्षीस नको, मार्क वाढवायला नकोत, कुणावर कारवाई तर अजिबात नको.

1. प्रोजेक्ट का उतरवला ते दोन ओळींत का होईना, लेखी द्या, सहीनिशी. "वादग्रस्त" लिहिणार असाल तर त्यात चूक काय होतं तेही लिहा.

2. तो चार्ट आणि ती दोरी शाळेच्या हॉलमध्ये एक दिवस लावू द्या आणि नववी-दहावीच्या मुलांना बघू द्या. पाहुण्यांच्या भाषणातलं जे चुकीचं होतं ते त्याच दिवशी कुणीतरी शिक्षकाने उभं राहून सांगावं, पाहुण्यांचं नाव न घेता चालेल.

3. मार्किंगच्या कागदात दोन रकाने वाढवा. एक, मुलाने स्वतः काय तपासलं. दोन, आपलं म्हणणं कुठे चुकू शकतं हे त्याला माहीत आहे का. त्यासाठी सजावटीचे मार्क कमी करा. माझं लॅमिनेशनचं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

4. वर्षातून एकदा नववी-दहावीच्या मुलांसाठी उत्क्रांतीवर दोन तास ठेवा. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावला विद्यापीठ आहे, तिथे पत्र पाठवलं तर कुणीतरी नक्की येईल. येण्या-जाण्याचा आणि चहापाण्याचा खर्च मी देतो, हे मी लेखी द्यायलाही तयार आहे.

5. आजी-आजोबा, मासेमारी करणारे, मानशीवर (खाजन शेतातलं पाणी अडवायच्या-सोडायच्या दारावर) काम करणारे, शेतकरी ह्यांनी सांगितलेली माहिती मुलाने तपासून लिहिली असेल तर ती संदर्भ म्हणून चालेल, असं नियमात लिहून टाका. ह्याला पैसेही लागत नाहीत.

ह्यातलं कुठलं मान्य नसेल तर तेही कळवा, मी येऊन बोलायला तयार आहे, आवाज चढवणार नाही. जिल्ह्याच्या प्रदर्शनाचे फॉर्म जायच्या आधी उत्तर मिळालं तर बरं. दुकान सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी साडेतीन ते आठ उघडं असतं. चार्ट माझ्याकडेच आहे. दोरी लॅमिनेशन मशीनच्या मागे खिळ्याला टांगून ठेवली आहे, दीड हातावरच्या लाल गाठीला भाचीने परवा नवीन शिंपला बांधलाय.

आपला,
मुलीचा मामा